दशावतारी कलाकाराला ईसीटी सुचवली आहे. स्मरणशक्तीबद्दल घरच्यांना नेमकं काय सांगावं?

प्रश्न : समुपदेशक, कुडाळ तालुका

नमस्कार. येत्या दोन-तीन दिवसांत एका कुटुंबाशी बोलायचं आहे, त्याआधी जाणकारांकडून काही गोष्टी पक्क्या करून घ्यायच्या आहेत.

रुग्ण पुरुष, वय ५२, उजव्या हाताचे, दशावतारात राजपार्ट (राजाची भूमिका) करतात. निदान तीव्र नैराश्य, सोबत भ्रम (‘आतडी कुजलीत’, ‘माझ्या पापाने कंपनी बुडणार’; कंपनी म्हणजे त्यांची नाटकमंडळी). दोन वेगवेगळी नैराश्यविरोधी औषधं पूर्ण मात्रेत, प्रत्येकी सहा आठवड्यांहून जास्त देऊन झाली. दुसऱ्यासोबत ओलान्झापिन हे भ्रमावरचं औषधही होतं. फरक नाही. गेले तीन आठवडे दिवसाला वाटीभर पेज, तीही भरवली तर. वजन ९ किलोने उतरलं आहे. मनोविकारतज्ज्ञांनी दाखल करून ईसीटी (भूल देऊन, विजेने मेंदूत फिट आणायचा उपचार, लोकांच्या भाषेत ‘शॉक’) सुचवली आहे, ८ ते १० वेळा.

घरच्यांचा पहिला प्रश्न त्यांच्याच शब्दांत : “शॉक दिल्यार तो पदां इसारतलो काय?” दुसरा प्रश्न भाच्याचा. तो मुंबईला असतो. टीएमएस नावाच्या उपचारात विसरायला होत नाही असं त्याने वाचलंय, मग तेच का नको?

‘थोडं विसरायला होतं, नंतर येतं परत’ एवढ्यावर त्यांची बोळवण करणं मला पटत नाही. दशावताराला लिखित संहिता नसते. कथानक ठरतं, संवाद रंगमंचावर उभे राहूनच सुचतात, पदं मात्र पाठ असावी लागतात. या माणसाचं पोट त्याच्या स्मरणावर आहे. तेव्हा कोणती स्मृती जाते, किती काळ जाते, ते कशावर ठरतं आणि रुग्णालयात काय काय विचारून घ्यावं, हे कृपया सविस्तर सांगा.


उत्तर १ : मनोविकारतज्ज्ञ, रत्नागिरी

आधी भाच्याचा प्रश्न, कारण त्याचं उत्तर लहान आहे.

टीएमएसमध्ये डोक्यावर कॉइल धरून चुंबकीय स्पंदनं देतात. भूल नाही, फिट आणायची नसते, आणि स्मरणशक्ती जात नाही हे खरंच आहे. नेहमीची पद्धत म्हणजे डाव्या कपाळामागच्या भागावर सेकंदाला १० स्पंदनं, ४ सेकंद चालू, २६ सेकंद बंद, एका बैठकीत ३००० स्पंदनं, साडेसदतीस मिनिटं. थीटा बर्स्ट नावाचा प्रकार तीन मिनिटांत ६०० स्पंदनं देतो, आणि २०१८ साली ४१४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तो लांब पद्धतीपेक्षा कमी ठरला नाही. त्रास म्हणजे डोक्याच्या त्वचेला टोचल्यासारखं दुखणं, डोकेदुखी, आणि कॉइलचा टकटक आवाज (कानात बोळे घालावेच लागतात). फिट येऊ शकते, पण फार क्वचित. डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर टीएमएस करत नाहीत.

पण ते काम करतं सावकाश. आठवड्यातून ५ दिवस, ४ ते ६ आठवडे. आणि भ्रम असलेल्या नैराश्यात, अन्न सुटलेल्या माणसात, ते ईसीटीची जागा घेऊ शकत नाही. याच प्रकारात ईसीटीचा गुण सर्वात चांगला येतो. वाटीभर पेजेवर आलेल्या माणसाला सहा आठवडे वाट पाहायला लावणं धोक्याचं आहे. पुढे कधी सौम्य स्वरूपात आजार परतला, तर टीएमएसचा विचार जरूर करावा. तेव्हाही कुडाळाहून घाट चढून कोल्हापूर किंवा खाली गोवा, अशा २० ते ३० फेऱ्या जमणार का, हे आधी बघावं. अर्धवट सोडलेल्या टीएमएसचा काही उपयोग नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘ईसीटीने स्मरणशक्ती जाते का’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण ईसीटी ही एकच एक गोष्ट नाही. त्याच यंत्राने, त्याच माणसाला, चार गोष्टी बदलून दिली तर विस्मरणात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. घरच्यांनी रुग्णालयात या चारच गोष्टी विचाराव्यात.

पहिली : इलेक्ट्रोड कुठे लावणार? दोन्ही कानशिलांवर लावले की बायटेम्पोरल. गुण लवकर येतो, विस्मरण सर्वात जास्त. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून हीच पद्धत आहे. कपाळाच्या दोन्ही बाजूंना लावले की बायफ्रंटल. एक उजव्या कानशिलावर आणि दुसरा टाळूच्या मध्याच्या किंचित उजवीकडे लावला की उजवी एकतर्फी. भाषेचं काम बहुतेकांच्या डाव्या मेंदूत चालतं, म्हणून विद्युतप्रवाह उजवीकडे ठेवायचा. विस्मरण यात सर्वात कमी.

दुसरी : मात्रा कशी ठरवणार? फिट येण्यासाठी लागणारी किमान मात्रा माणसागणिक कितीतरी पट वेगळी असते. पहिल्या बैठकीत अगदी कमी मात्रेपासून पायरीपायरीने वाढवत तो उंबरठा शोधायचा असतो. मग बायटेम्पोरलला त्याच्या साधारण दीडपट आणि उजव्या एकतर्फीला सहापट. इथेच मोठी चूक होते. उजवी एकतर्फी दीडपटीवर दिली तर फिट व्यवस्थित येते, पण आजार हलत नाही, आणि मग ‘एकतर्फीने काही होत नाही’ असा शिक्का बसतो. उलट, उंबरठा न शोधता सगळ्यांना एकच ठोक मात्रा दिली, तर ज्याचा उंबरठा कमी त्याला गरजेच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह जातो. त्याने गुण वाढत नाही, विस्मरण वाढतं.

तिसरी : पल्सची रुंदी किती, म्हणजे विजेचं एकेक स्पंदन किती वेळ टिकतं? जुनी यंत्रं साइन वेव्ह, म्हणजे सलग लहरीसारखा प्रवाह, द्यायची. गुण तोच, विस्मरण बरंच जास्त. आता ब्रीफ पल्स, म्हणजे साधारण ०.५ ते १.५ मिलिसेकंद, हवीच. यंत्र साइन वेव्हचं असेल तर दुसरीकडे जा, हे मी स्पष्ट सांगेन. ०.३ मिलिसेकंदाची अल्ट्राब्रीफ आणखी सौम्य असते, पण तिला एखाद-दोन बैठका जास्त लागू शकतात.

चौथी : आठवड्यातून किती वेळा? तीनदा दिली तर सुधारणा लवकर दिसते, दोनदा दिली तर शेवटचा गुण तितकाच येतो आणि विस्मरण कमी राहतं.

डब्लिनमध्ये १३८ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यात आठवड्यातून दोनदा दिलेली, मात्रा भरपूर ठेवलेली उजवी एकतर्फी पद्धत बायटेम्पोरलपेक्षा गुणात कमी पडली नाही. शुद्धीवर येऊन भान परतायला वेळ कमी लागला आणि स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणी जास्त शाबूत राहिल्या. म्हणून या रुग्णासाठी माझं मत : उजव्या एकतर्फीने सुरुवात करावी. पाच-सहा बैठकांनंतरही काहीच फरक नसेल तर पद्धत बदलावी. मात्र पाणीही घेईनासे झाले, किंवा लाकडासारखे ताठ पडून राहू लागले, तर वेळ घालवू नये. तेव्हा पहिल्या दिवसापासून बायटेम्पोरल दिली तरी डॉक्टरांना दोष देऊ नये. त्या वेळी जीव आधी.

आणि ‘८ ते १०’ हा अंदाज आहे, ठराव नव्हे. साधारण ६ ते १२ लागतात. दर आठवड्याला लक्षणांची श्रेणी मोजायची, आणि सलग दोन बैठकांत पुढे काही सुधारणा दिसली नाही की थांबायचं. सातव्यालाच माणूस बरा झाला तर केवळ आकडा भरायला आठवी-नववी देऊ नये. प्रत्येक जादा बैठक विस्मरणात भर घालते.


उत्तर २ : भूलतज्ज्ञ, सिंधुदुर्ग

वरच्या उत्तराशी सहमत. बैठकीच्या दिवशी काय बिघडतं ते मी लिहितो, कारण विस्मरणाचा बराच भाग तिथेच ठरतो आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

पेज. रुग्ण पेजेवर आहे असं लिहिलंय म्हणून हे आधी. घन अन्न ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. पेज पातळ असली तरी ती पाण्यात मोडत नाही, अन्नातच मोडते. ‘पोटात काय नाय, म्हणून दोन पळये पेज दिलंय’ असं सकाळी कळलं की बैठक रद्द करावी लागते. न सांगता दिली असेल तर भुलेत ती फुप्फुसात जाऊ शकते. चहा, सोलकढी, दूध यांनाही हाच नियम. रक्तदाबाची सकाळची गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर बहुधा द्यायची असते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी द्यायचं नाही. हे लिहून मागून घ्या, तोंडी सांगणं विसरतात.

खोबरेल. केसांना तेल असेल तर इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यात अडथळा वाढतो. यंत्र मात्रा सोडतच नाही, किंवा फिट अर्धवट येते आणि त्याच भुलेत पुन्हा द्यावं लागतं. आदल्या रात्री डोकं शांपूने किंवा शिकेकाईने धुऊन कोरडं करायचं. एकतर्फी पद्धतीत एक इलेक्ट्रोड केसांतच बसतो, म्हणून तिथे हे दुप्पट महत्त्वाचं. काढता येणारे दात, चष्मा, अंगठ्या काढून ठेवा. हलणारा दात असेल तर आधी सांगा. फिटमध्ये जबडा आवळतो, दातांत रबरी आधार ठेवतात, पण मोडकळीला आलेला दात निसटू शकतो. मशेरी, तंबाखू, सुपारी त्या सकाळी नाही.

फवारणी. हा मुद्दा आपल्या आंबा-काजूच्या पट्ट्यात हमखास राहून जातो. स्नायू सैल करायला आम्ही सक्सिनिलकोलीन देतो, किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅम, म्हणजे या रुग्णाला ३० ते ६० मिलिग्रॅमच्या आसपास. रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर ते काही मिनिटांत मोडून टाकतं. मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी किंवा इतर किडीसाठी वापरली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं, उदाहरणार्थ डायमेथोएट, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, नेमकं हेच विकर बंद पाडतात. मग पाच मिनिटांत परतायचा श्वास बराच वेळ परतत नाही आणि रुग्णाला यंत्रावर ठेवावं लागतं. गेल्या काही आठवड्यांत बागेत फवारणी केली आहे का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गेल्या काही महिन्यांत फवारणीचं औषध प्यायचा (आत्महत्येचा) प्रयत्न झाला आहे का, हे विचारायलाच हवं. लाजेपोटी घरचे दुसरी गोष्ट लपवतात. समुपदेशक म्हणून ती तुम्हालाच काढता येईल. नुसतं कळलं तरी पुरे : सीरम कोलिनेस्टरेज तपासता येतं, किंवा दुसरं स्नायू-शिथिलक वापरता येतं.

चालू औषधं. रात्री झोपेसाठी लोराझेपाम, क्लोनाझेपाम चालू असेल तर फिटचा उंबरठा चढतो. मग मात्रा वाढवावी लागते, आणि मात्रा वाढली की विस्मरण वाढतं. व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन या फिटवरच्या औषधांचं तेच. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर ईसीटीनंतरचा गोंधळ वाढू शकतो. दम्यासाठी डेरिफायलिन किंवा थिओफायलिन घेत असतील तर उलटा धोका, फिट थांबतच नाही. ही औषधं घरच्यांनी स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांना यादी दाखवावी. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्याही त्यात याव्यात.

तपासण्या : ईसीजी, रक्तातली साखर, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनीन, डोळ्यांचा पडदा. तीन आठवडे धड न जेवलेल्या माणसाचं पोटॅशियम बिघडलेलं असू शकतं आणि सक्सिनिलकोलीन स्वतः ते लिटरमागे साधारण अर्ध्या एककाने वर नेतं. आधी सलाइन, मग ईसीटी, असा दोन दिवसांचा उशीर होऊ शकतो, त्याने घाबरू नये.

प्रत्यक्षात भूल (प्रोपोफॉल किंवा थायोपेंटोन), शिथिलक, मग विद्युतप्रवाह काही सेकंद, मग फिट. ती साधारण २० ते ६० सेकंद असावी. १२० सेकंदांच्या पुढे गेली की औषध देऊन थांबवायची. अंगाला हिसके दिसत नाहीत, म्हणून एका पायाच्या घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून औषध त्या पायात जाऊ देत नाहीत आणि तिथली हालचाल बघतात, सोबत ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख). सुरुवातीपासून श्वास परतेपर्यंत मास्कने शुद्ध ऑक्सिजन. यात हयगय झाली तर शुद्धीवर आल्यावरचा गोंधळ वाढतो, म्हणून ‘भूलतज्ज्ञ प्रत्येक वेळी असतात का’ हे विचारायला संकोच करू नका. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. जिवाचा धोका अत्यंत कमी, जगभरच्या नोंदींवरून एक लाख बैठकांमागे साधारण दोन मृत्यू.


उत्तर ३ : क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, चिपळूण

कोणती स्मृती, याबद्दल. घरच्यांना मी चार कप्प्यांत सांगेन.

शुद्धीवर आल्यावरचा गोंधळ : काही मिनिटं ते तासभर. नाव, ठिकाण, वार, वय, जन्मतारीख हे पाच प्रश्न विचारतात. पाचपैकी चार बरोबर यायला किती मिनिटं लागली, ही नोंद प्रत्येक बैठकीनंतर ठेवायला सांगा. खर्च शून्य, उपयोग मोठा. हा वेळ ज्यांचा लांबतो, त्यांच्यात जुन्या आठवणी पुसल्या जाण्याचं प्रमाणही पुढे जास्त आढळतं. दर बैठकीला तो वाढत चालला असेल तर आठवड्यातून तीनच्या दोन करा, पद्धत बदला, असं म्हणायला तोच आधार.

नवीन गोष्टी न टिकणं : कोर्स चालू असताना आणि पुढे दोन-चार आठवडे. सकाळी कोण भेटून गेलं ते संध्याकाळी आठवत नाही. हे भरून येतं.

मागच्या आठवणी पुसल्या जाणं : कोर्सच्या आधीचे काही आठवडे ते महिने आणि कोर्सचा काळ. यातल्या काही परत येतात, काही कधीच येत नाहीत. जितकी ताजी तितकी कच्ची.

हाताची आणि गळ्याची सवय : ही जात नाही. जाळं विणणारा जाळं विणतो, चेहरा रंगवणारा रंगवतो. वीस-तीस वर्षं गायलेली पदं, पेटी आणि पखवाजाबरोबर उचलायची सम, हे सगळं या कप्प्यात आणि जुन्या पक्क्या आठवणींत येतं. म्हणून “पदां इसारतलो काय” याचं प्रामाणिक उत्तर : जुनी पदं राहतील. गेल्या हंगामात नव्याने बसवलेलं आख्यान, नवं पद, नव्या सहकलाकाराबरोबर ठरवलेल्या जागा, हे जाऊ शकतं आणि पुन्हा बसवावं लागेल. उत्स्फूर्त संवादांचा प्रश्न वेगळा. तिथे प्रसंग डोक्यात धरून, समोरच्याचं ऐकून, लगेच शब्द काढायचा असतो. हे कोर्सनंतर काही आठवडे मंद राहील. पण आत्ता, नैराश्यात, ते तसंही बंदच आहे. तीव्र नैराश्य स्वतः स्मरण आणि विचारांचा वेग इतका खाली आणतं की काही वेळा तो स्मृतिभ्रंशच वाटतो. ईसीटीच्या माथी मारलेल्या विस्मरणातला काही भाग मुळात आजाराचा असतो.

एका मुद्द्यावर मात्र मला सावध करायचं आहे. ‘पंधरा दिवसांत सगळं पूर्ववत’ असं वाक्य खूप ऐकू येतं. ते २०१० च्या एका मोठ्या संकलनावरून आलेलं आहे : ८४ अभ्यास, २९८१ रुग्ण. पहिले तीन दिवस कामगिरी खाली, पंधरा दिवसांनंतर चाचण्यांतले गुण पूर्ववत, काहींत आधीपेक्षा वर. हे खरं आहे. पण त्या चाचण्या शब्दांच्या याद्या लक्षात ठेवणं, आकडे उलटे म्हणणं, अशा आहेत. ‘लेकीच्या बारशाला कोण आलं होतं’ हे त्यात मोजलेलं नाही. २००३ साली रुग्णांच्याच म्हणण्याचा आढावा घेतला गेला, तेव्हा किमान एक तृतीयांश लोकांनी टिकून राहिलेलं विस्मरण सांगितलं. त्यातले अनेक जुन्या पद्धतीच्या ईसीटीचे असतील, तरी तो आकडा बाजूला सारता येत नाही. ‘तुमचे चाचणीतले गुण उत्तम आहेत’ असं म्हणून रुग्णाची तक्रार झटकणं ही चूक आहे. चाचणी एक गोष्ट मोजते, तो दुसरी हरवल्याचं सांगत असतो.

म्हणून कोर्स सुरू व्हायच्या आधी दोन नोंदी करा. पहिली, मानक चाचणी : मराठीतली मोका चालेल, किंवा भारतातच ईसीटीसाठी बेतलेली बी-फोर-ईसीटी-रीकोड ही अर्ध्या तासात होणारी चाचणीमाला. कोर्सआधी, मध्यावर, संपल्यावर, आणि पुढे एक ते दोन महिन्यांनी. या रुग्णाला आत्ता बसवून पूर्ण होईलच असं नाही. जितकं होईल तितकं घ्या आणि ‘सहकार्य नव्हतं’ हेही लिहा.

दुसरी नोंद घरच्यांनी करायची, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची. साधी दोनशेपानी वही. गेल्या वर्षभरातले २० ते २५ प्रसंग, प्रत्येकी दोन-तीन ओळी : मागच्या गणपतीत कोण चाकरमानी आले, कुठल्या जत्रेत कुठलं आख्यान झालं, घरात काय दुरुस्ती झाली, कुणाचं लग्न, कुणाचं बारावं. मृत्यूची नोंद विसरू नका. जवळचं माणूस गेल्याचं विसरून त्याची चौकशी करणं, आणि मग ती बातमी नव्याने ऐकणं, हा फार जीवघेणा प्रसंग असतो. मग व्यवहार : कुणाकडून उसने घेतले, कुणाला दिले, कंपनीच्या मालकाकडून किती उचल, पतपेढीचा हप्ता, एटीएमचा आणि मोबाइलचा आकडा (हा वेगळ्या चिठ्ठीवर, पत्नीकडे). पदांची यादीही करा, जुनी वेगळी, नवी वेगळी. नव्या पदांचं मोबाइलवर ध्वनिमुद्रण सहकाऱ्यांकडून आत्ताच करून घ्या.

आणि घरात परीक्षा घेऊ नका. ‘सांग बघू हा कोण’ असं येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो. त्यापेक्षा ‘हा आपल्या आत्येचा मुलगा, मे महिन्यात आला होता’ असं सांगून टाकावं.


समुपदेशक, कुडाळ (पुन्हा)

सर्वांचे मनापासून आभार. फवारणीचं माझ्या डोक्यातही नव्हतं, आजच विचारते. तीन गोष्टी राहिल्या. सही कोणाची लागते? कोर्स मध्येच गणपतीत येतोय आणि घरचे ‘पाच दिवस घरी न्या, मग पुढचे शॉक’ म्हणताहेत, चालेल का? आणि दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात, तेव्हा उभे राहू शकतील का?


उत्तर ४ : मनोविकार परिचारिका, रत्नागिरी

ताई, सहीचं असं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. कलम ९५ प्रमाणे भूल आणि स्नायू-शिथिलक न देता ईसीटी देणं बेकायदा आहे. कलम ९४ प्रमाणे तातडीचा उपचार म्हणूनही ती देता येत नाही, म्हणजे संमतीची प्रक्रिया पूर्ण झाल्याशिवाय कुठेच नाही. निर्णयक्षमता असेल तर सही रुग्णाची. ती नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या आधाराने कलम ८९ खाली दाखल करतात, आणि क्षमता परत येते का हे पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. चार-पाच बैठकांनंतर बरेच रुग्ण नीट बोलू लागतात. तेव्हा त्यांनाच पुन्हा सगळं समजावून त्यांची संमती घ्यावी. आणि आधी समजावलेलं ते विसरलेले असतील हे धरूनच चालावं. संमतीच्या कागदावर पद्धत कोणती, हे लिहून घ्या. पुढच्या वेळी दुसऱ्या रुग्णालयात जावं लागलं तर डिस्चार्ज कार्डावर इलेक्ट्रोडची जागा, मात्रा, पल्सची रुंदी, बैठकांची संख्या आणि फिटचे सेकंद हवेत. नुसतं ‘ईसीटी × ८’ असं लिहिलेलं कार्ड पुढच्या डॉक्टरांच्या काही उपयोगाचं नाही.

गणपतीचं : दीड दिवसाची सुट्टी दोन बैठकांच्या मध्ये बसवता येते, डॉक्टरांना विचारून. पाच दिवस नको. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला माणूस जेवायला लागतो, हसतो, आणि घरच्यांना वाटतं झालं बरं. तिथेच सोडलं तर बहुतेकदा आजार उसळून येतो. शिवाय आरतीच्या गर्दीत, भजनाच्या जागरणात, सगळ्या गावासमोर नावं न आठवणारा माणूस बसवणं त्याच्यावर अन्याय आहे. जायचंच असेल तर रात्री झोप पूर्ण, दारू अजिबात नाही, आणि परतायच्या रात्री पेजेचा नियम लक्षात.

घरी आल्यावर दोन-तीन आठवडे : गोळ्या हातात द्यायच्या, डबा त्यांच्या ताब्यात नाही. घेतली हे विसरून पुन्हा घेतली जाते. मोटरसायकल नाही. होडी नाही, पऱ्ह्यावर किंवा विहिरीवर एकटं नाही. गॅसजवळ कोणीतरी हवं. सातबारा, वाटणी, खरेदीखत, कर्जाचा कागद, कशावरही सही नाही. भाऊबंदकीचं काही चालू असेल तर हे जास्तच जपा. डोकं दुखलं, जबडा-अंग दुखलं तर पॅरासिटामॉल पुरते. बैठकीनंतर आठवडाभराने गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, ताप असेल, एका बाजूची ताकद गेली असेल, तर तो ईसीटीचा नेहमीचा परिणाम समजून घरी थांबू नका. रात्री-अपरात्री विचारायला टेलिमानस १४४१६.


उत्तर १ (पुन्हा) : मनोविकारतज्ज्ञ, रत्नागिरी

जत्रांबद्दल. कोर्स भाद्रपदात संपला तर दिवाळीनंतरच्या जत्रांपर्यंत दोनेक महिने मिळतात. विस्मरणाच्या हिशेबाने ते पुरेसे आहेत. माझी काळजी वेगळी आहे, आजार परतण्याची. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ईसीटीने बऱ्या झालेल्या रुग्णांना २४ आठवडे पाहिलं. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ८४ टक्के पुन्हा आजारी पडले, नॉर्ट्रिप्टिलिन हे नैराश्यविरोधी औषध घेणाऱ्यांत ६० टक्के, नॉर्ट्रिप्टिलिन आणि लिथियम दोन्ही घेणाऱ्यांत ३९ टक्के. म्हणजे ईसीटी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून औषधांची आखणी तयार हवी. काहींना आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांनी एक, अशी उतरती ईसीटीही देतात.

लिथियम सुरू झालं तर आपल्या हवेत तीन गोष्टी सांभाळायच्या. घाम : भरजरी पोशाख, मुकुट, दिव्यांची धग, त्यातून अंगातलं पाणी आणि मीठ जातं, आणि लिथियमची पातळी वर चढते. पाणी भरपूर, जेवणातलं मीठ एकाएकी कमी करायचं नाही. दुसरं, प्रयोगानंतर अंग ठणकलं म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घ्यायचं नाही, तीही पातळी चढवतात. तिसरं, हाताला बारीक कंप येऊ शकतो. स्वतःचा चेहरा स्वतः रंगवणाऱ्याला तो लगेच जाणवेल. तेव्हा गोळी परस्पर बंद न करता येऊन दाखवावं, मात्रा कमी-जास्त करता येते. कंप जाडसर झाला, जुलाब-उलट्या लागल्या, जीभ जड झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं. पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी बघतात, बहुधा ०.६ ते ०.८ च्या आसपास ठेवतात.

दशावतार रात्रभर चालतो आणि जागरण हे या आजाराचं नेहमीचं निमित्त. कंपनीच्या मालकांशी आत्ताच बोलून ठेवा. पहिल्या महिन्यात आठवड्याला एक-दोनच प्रयोग, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोप, आणि सुरुवातीला राजपार्टाऐवजी लहान भूमिका, जिच्यात समोरचा कलाकार संवाद सावरून घेऊ शकेल. नवं आख्यान या हंगामात नको, त्यांच्या अंगवळणी पडलेलीच द्यावीत. तालीम कार्तिकाच्या आधी घरच्या पडवीत, पेटीवाल्याला बोलावून, एका वेळी अर्धा तास. कोणतं पद अडतं ते पत्नीने वहीत लिहून ठेवावं आणि पुढच्या तपासणीला वही घेऊन यावं.